चार सेलवाला माणूस : गुनपेई योकोई

घराच्या माळ्यावर जुने चार्जर, तुटके रिमोट आणि बंद पडलेल्या घड्याळांची एक पिशवी असते. ती उपसून बघा, बहुतेक घरांत एक ब्रिक गेम सापडेल. पिवळा, काळा नाहीतर राखाडी. वर छोटासा स्क्रीन, खाली डावीकडे चार बारकी बटणं आणि उजवीकडे एक मोठं गोल बटण. डब्यावर ‘९९९९ इन १’ छापलेलं. (एवढे गेम त्यात कधीच नसायचे. वीस-पंचवीस असायचे, बाकी सगळी स्पीड आणि लेव्हल फिरवून केलेली आकड्यांची जादू. पण हे मोजायला बसायचं कुणी?) लोडशेडिंगच्या काळात आपल्या ताई-दादांच्या पिढीने जालन्यात, अंबडला, भोकरदनला रात्री अंगणात बसून याच डब्यावर विटा रचल्या. लाईट नसली तरी तो चालायचा, कारण त्याला फक्त सेल लागायचे.

त्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव नसायचं. तो कुठल्या तरी चिनी कारखान्यातून यायचा आणि जत्रेतल्या पालात विकला जायचा. पण त्याच्या रूपाचा माग काढत गेलं की आपण जपानमधल्या क्योतो शहरात, एका पत्त्यांच्या कारखान्यात पोहोचतो. तिथे मशीन दुरुस्त करणारा एक इंजिनिअर होता. नाव गुनपेई योकोई.

जुने गेम भारी की आत्ताचे, यावर कॅन्टीनमध्ये भांडण होतं तेव्हा एक बाजू ग्राफिक्सवर बोलते आणि दुसरी आठवणींवर. योकोईंचं आयुष्य वाचताना मला या भांडणात तिसरी बाजू दिसली. म्हणून हा माणूस.

पत्त्यांचा कारखाना

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योतोचाच. दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतली आणि १९६५ मध्ये निन्टेन्डो नावाच्या कंपनीत नोकरीला लागले. आज निन्टेन्डो म्हटलं की मारिओ आठवतो. तेव्हा आठवायचे ते पत्ते. १८८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी हानाफुदा बनवायची. हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते, बारा महिन्यांचे प्रत्येकी चार असे ४८. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफा असतात ना, दशावताराच्या गोल १२० पत्त्यांच्या, तसाच हा जपानचा घरगुती वारसा. फरक इतकाच की गंजिफा हाताने रंगवल्या जात राहिल्या आणि हानाफुदा मशीनवर गेले. त्या मशीन चालू ठेवणं, बिघडल्या तर नीट करणं, हे योकोईंचं काम.

म्हणजे कॅम्पस इंटरव्ह्यूच्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्सची पोस्ट. मशीन चालू आहेत तोवर करायला फारसं काही नाही. आणि हाताला काम नसलेला इंजिनिअर जे करतो तेच योकोईंनी केलं. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या लेथवर स्वतःसाठी एक खेळणं बनवलं. दुकानाच्या दुमडत्या लोखंडी गेटला जशी तिरप्या पट्ट्यांची जाळी असते, तशा पट्ट्या जोडून केलेला लांब हात. इकडून मूठ दाबली की जाळी पसरते आणि तिकडची वस्तू पकडते.

हे खेळणं कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांच्या नजरेला पडलं. यामाउची म्हणजे कडक माणूस. आजोबांच्या पश्चात ऐन विशीत कंपनी हातात आलेली, पत्त्यांचा धंदा किती दिवस पुरणार याची काळजी, त्यातून टॅक्सी आणि झटपट भात असले उद्योगही करून पाहिलेले. योकोईंना केबिनमध्ये बोलावणं आलं. आता नोकरी जाणार असंच त्यांना वाटलं असणार. झालं उलटंच. यामाउचींनी ते खेळणं बाजारात आणायला सांगितलं. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ नावाने ते आलं आणि दहा लाखांच्या वर खपलं.

मेंटेनन्सचा माणूस एका झटक्यात खेळणी बनवणारा झाला.

प्रेम मोजायचं मशीन

पुढची काही वर्षं योकोईंनी एकापाठोपाठ एक खेळणी काढली. घरात खेळता येईल असं चेंडू फेकणारं मशीन काढलं, भिंतीपलीकडे डोकावायचा पेरिस्कोप काढला. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ तर आपल्या कॉलेज फेस्टमध्ये आजही तुफान चालेल. मुलाने एका हातात एक मूठ धरायची, मुलीने दुसरी, आणि दोघांनी आपला मोकळा हात एकमेकांच्या हातात द्यायचा. दोघांच्या शरीरातून अगदी बारीकसा करंट जातो आणि काटा हलून तुमचं प्रेम किती आहे ते दाखवतो. आत काय होतं? करंट मोजणारं साधं मीटर, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला असतं तसलं. त्या काळच्या जपानमध्ये तरुण मुला-मुलीने चारचौघांत हात धरणं सोपं नव्हतं. या खेळण्याने त्याला निमित्त दिलं. योकोईंनी हे स्वतःसाठीच बनवलं होतं असं ते नंतर गमतीत सांगायचे.

इथे जरा थांबूया, कारण या माणसाचं सगळं डोकं या एका खेळण्यात दिसतं. मीटर जुनं, त्यात नवीन शोध शून्य. नवीन आहे ते त्याचं काम. योकोईंनी पुढे आपल्या या पद्धतीला नावही दिलं. मराठीत ते काहीसं असं होईल : वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. वाळलेलं म्हणजे टाकाऊ असं त्यांना म्हणायचं नव्हतं. जे तंत्र बाजारात येऊन बरीच वर्षं झाली, ज्याचे सगळे गुणदोष माहीत झाले आणि जे ढिगाने बनत असल्यामुळे स्वस्त झालं, ते वाळलेलं. आडवा विचार म्हणजे त्याच्यापुढची नवी आवृत्ती काढण्यापेक्षा बाजूला सरकून बघायचं, की हे अजून कुठे वापरता येईल.

१९७० च्या दशकातली त्यांची रिमोटची गाडी हे याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण. रिमोट कंट्रोलची गाडी तेव्हा भयंकर महाग. डावं-उजवं, पुढे-मागे अशा प्रत्येक हालचालीला वेगळा चॅनेल लागायचा आणि त्यानेच किंमत चढायची. योकोईंनी एकच चॅनेल ठेवला. बटण दाबलं की गाडी डावीकडे वळणार, सोडलं की सरळ जाणार. उजवीकडे वळायचंच नाही! शर्यतीचा ट्रॅक गोल असतो, गोल ट्रॅकवर एकाच बाजूला वळावं लागतं, मग दुसरी बाजू हवी कशाला? गाडीचं नावच ‘लेफ्टी’. ज्या पोरांना रिमोटची गाडी दुकानाच्या काचेतूनच बघावी लागत होती, त्यांच्या हातात ती आली.

सगळंच जमलं असं मात्र नाही. उन्हावर चालणाऱ्या सोलर सेलचा त्यांनी आडवा विचार केला आणि प्रकाशाच्या बंदुकीचा खेळ बनवला. बंदुकीतून प्रकाश सुटतो, निशाण्यावरच्या सेलवर पडला की निशाणा कोसळतो. यात त्यांच्या जोडीला होते मासायुकी उएमुरा. हेच पुढे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचे म्हणजे टीव्ही गेमचे जनक झाले. १९७३ मध्ये कंपनीने हा खेळ मोठ्या प्रमाणावर आणला, ओस पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये शूटिंग रेंज उभारायची योजना होती. आणि त्याच वर्षी तेलाचं संकट आलं. लोकांनी मौजमजेवरचा खर्च आवळला, ऑर्डरी रद्द झाल्या आणि निन्टेन्डो कर्जात बुडाली.

ट्रेनमधला कॅल्क्युलेटर

७० च्या दशकाच्या शेवटी योकोई शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनने चालले होते. समोर नोकरीवरून परतणारा एक माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. हिशोब वगैरे काही चाललं नव्हतं. योकोईंच्या मनात आलं, की प्रवासात वेळ घालवायला खिशात मावणारं एखादं खेळणं असायला हवं. आणि ते असं हवं, की मोठ्या माणसाला चारचौघांत खेळताना लाज वाटणार नाही.

पुढचा किस्सा तर सिनेमात शोभेल. यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला. त्यांची गाडी परदेशी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. जपानमध्ये आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे असली गाडी चालवायची सवय कुणाला नसते. योकोईंना होती. म्हणून साहेबांची गाडी चालवायचं काम त्या दिवशी त्यांच्यावर आलं. आता प्रमुखांना घेऊन गाडीत गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी खिशातल्या गेमची कल्पना सांगून टाकली. यामाउची हूं की चूं बोलले नाहीत. पण त्या दिवशीच्या बैठकीत त्यांची गाठ शार्प कंपनीच्या प्रमुखांशी पडली आणि आठवड्याभरात शार्पची माणसं निन्टेन्डोच्या दारात हजर झाली.

शार्पच का? कारण तेव्हा जपानमध्ये शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून घमासान चाललं होतं. दोघांनी किमती इतक्या पाडल्या होत्या की एलसीडीचे स्क्रीन आणि चिप मातीमोल झाल्या. योकोईंसाठी हे तंत्र आता छान वाळलं होतं.

कॅल्क्युलेटरवरचा आठचा आकडा नीट बघा. तो सात बारक्या पट्ट्यांचा असतो. पट्टी आधीपासूनच तिथे असते, करंट गेला की काळी होऊन दिसते. योकोईंच्या टीमने पट्ट्यांच्या जागी चित्रं बसवली. चेंडू झेलणाऱ्या माणसाचा हात एका जागी, दोन जागी, तीन जागी. चेंडूच्या सगळ्या जागाही आधीच ठरलेल्या. एकामागून एक काळ्या केल्या की चेंडू उडाल्यासारखा वाटतो. २८ एप्रिल १९८० रोजी ‘बॉल’ नावाचा हा पहिला गेम बाजारात आला. त्यात घड्याळही होतं, म्हणून या मालिकेचं नाव ‘गेम अँड वॉच’. अकरा वर्षांत या मालिकेतली चार कोटींहून जास्त यंत्रं जगभर विकली गेली आणि तेलाच्या संकटातलं कर्ज कधीच फिटलं. आपल्या ब्रिक गेमचा स्क्रीन याच जातीचा. त्यात २०० चौकोन आधीच बसवलेले असतात, दहा आडवे आणि वीस उभे. कुठला काळा करायचा एवढंच चिप ठरवते.

१९८२ मध्ये याच मालिकेत डाँकी काँग आणताना एक अडचण आली. त्या गेममध्ये माणूस चालतो, चढतो, उड्या मारतो, म्हणजे चार दिशा हव्यात. पार्लरच्या मशीनला असते तशी उभी दांडी घडीच्या, खिशातल्या यंत्रावर बसवणार कशी? ते मिटणारच नाही. चार सुटी बटणं दिली तर प्रत्येक वेळी खाली बघावं लागतं. योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं एकच सपाट बटण केलं. अंगठा त्यावर ठेवला की न बघता कळतं आपण कुठल्या दिशेला आहोत. आज प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, कुठलाही कंट्रोलर घ्या, डाव्या अंगठ्याखाली ते अधिक सापडेल. मोबाईलवर गेम खेळताना अंगठा घसरून कॅरेक्टर भलतीकडे पळतं ना, तेव्हा काचेवर नेमकी हीच गोष्ट नसते.

त्याआधी १९८१ मध्ये पार्लरसाठीचा मूळ डाँकी काँग बनला तेव्हा योकोई वरिष्ठ होते आणि त्यांच्या देखरेखीखाली एक नवखा मुलगा काम करत होता. प्रोग्रामिंग न येणारा, चित्रं काढणारा. शिगेरू मियामोतो. त्या गेममधला उड्या मारणारा सुतार पुढे मारिओ झाला आणि मियामोतो जगप्रसिद्ध झाले. त्यांना आपली पद्धत शिकवणारे योकोई मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नाहीत.

पोपटी स्क्रीन

आता येतो गेम बॉय. २१ एप्रिल १९८९, किंमत १२,५०० येन.

कागदावर बघाल तर गेम बॉय तेव्हाही मागासलेलाच होता. स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांचा. रंग नाहीत, पोपटी-करड्या चार छटा. मागे लाईट नाही, म्हणजे रात्री खेळायचं तर दिव्याखाली बसा. ८ केबी मेमरी. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीने ‘लिंक्स’ आणला. रंगीत, लाईटवाला आणि किमतीने जवळपास दुप्पट. पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत. प्रतिस्पर्धी रंगीत यंत्र आणतोय असं कळल्यावर योकोईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, असं सांगतात. सगळ्यांना वाटलं हा माणूस वेडा आहे.

त्यांचं गणित सेलचं होतं. रंगीत स्क्रीन आणि त्यामागचा लाईट करंट पितो. लिंक्स आणि गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि चार-पाच तासांत ते झोपायचे. गेम बॉयला चार लागायचे आणि पंधरा तासांच्या आसपास चालायचे. शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशात दर दोन दिवसांनी सहा सेल बसत नाहीत. आईबापाच्या खिशात तर नाहीच नाही. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकले गेले. लिंक्सचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

पण हे सगळं श्रेय एकट्या योकोईंना देणं बरोबर नाही. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी नंतर सांगितलं आहे की योकोईंच्या मनात सुरुवातीला गेम अँड वॉचसारखंच साधं यंत्र होतं. कार्ट्रिज बदलता येईल, दुसऱ्या कंपन्याही गेम बनवतील, असं दणकट यंत्र हवं म्हणून ओकादा वाद घालत राहिले आणि शेवटी योकोईंनी ऐकलं. हाताखालच्या माणसाचं ऐकणारा बॉस ही मला तरी गेम बॉयपेक्षा दुर्मिळ वस्तू वाटते. शिवाय ऐन वेळी स्क्रीनचा घोळ झाला. जरा तिरकं धरलं की चित्र दिसेनासं व्हायचं. यामाउचींनी ते बघून नाक मुरडलं आणि वेगळ्या प्रकारचा एलसीडी बसवावा लागला.

गेम बॉय चालला तो टेट्रिसमुळे. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी बनवलेला हा विटांचा खेळ अमेरिकेत गेम बॉयच्या डब्यातच मिळायचा. त्याला रंग लागत नाही, गोष्ट लागत नाही, वयाची अट नाही. गेम बॉयचा टेट्रिस अवघ्या ३२ केबीत मावायचा. आज व्हॉट्सअॅपवर आलेला एखादा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्या कितीतरी पट जड असतो. १९९३ मध्ये अलेक्सांद्र सेरेब्रोव हे रशियन अंतराळवीर गेम बॉय आणि टेट्रिस घेऊन अंतराळात गेले होते. आखाती युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात होरपळून वितळलेला एक गेम बॉय निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात अनेक वर्षं मांडलेला होता, चालू अवस्थेत. आणि दोन गेम बॉय जोडायची एक वायर होती, तिच्याकडे बघून सातोशी ताजिरी यांना त्या वायरीतून किडे सरपटत जात आहेत अशी कल्पना सुचली. त्यातून १९९६ मध्ये पोकेमॉन जन्माला आला.

आता तुलना करायचीच तर करूया. आजचा एखादा मोठा ऑनलाईन गेम आपल्या बजेट फोनवर टाकायचा म्हणजे आधी गॅलरी रिकामी करा, मग हॉस्टेलच्या वायफायवर अपडेट उतरेपर्यंत बसा, मग खेळा, आणि अर्ध्या तासात फोन इस्त्रीसारखा तापतो. गेम बॉयला कळ सरकवली की काही सेकंदांत खेळ सुरू. पण म्हणून जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. जुन्या गेममध्ये बऱ्याचदा सेव्ह नसायचं, तीन जीव गेले की पुन्हा पहिल्यापासून. परतूरमध्ये बसून पुण्यातल्या मित्राबरोबर खेळणं ही कल्पनाच नव्हती. आणि आजच्या गेममध्ये जे जग उभं राहतं, ते चार छटांत उभं राहूच शकत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. आपल्या पुराणातली, शिल्पांतली दुनिया त्यात डोळ्यांपुढे येते. तो सगळ्यात आधी आला निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे योकोईंच्याच जुन्या कंपनीच्या यंत्रावर. स्विचसुद्धा त्याच्या काळातलं सगळ्यात ताकदवान यंत्र कधीच नव्हतं. घरी टीव्हीला लावा, बाहेर पडताना हातात घ्या, ही त्यातली आडवी गंमत होती.

त्यामुळे जुनं आणि नवं हा प्रश्न योकोईंच्या लेखी चुकीचाच ठरला असता, असं मला वाटतं. यंत्राची ताकद वाढली की खेळ वाढतो, हे त्यांना मान्य नव्हतं. ताकदीच्या शर्यतीत सगळेच धावतात आणि तिथे जास्त पैसेवाला जिंकतो, म्हणून खेळ कशाचा हे आधी ठरवा, असा त्यांचा आग्रह होता.

लाल रंग

आणि मग याच माणसाचा सगळ्यात मोठा पराभव झाला.

‘व्हर्च्युअल बॉय’ २१ जुलै १९९५ ला जपानमध्ये आला. आज आपण ज्याला व्हीआर म्हणतो त्या वाटेवरचं हे खूप लवकर पडलेलं पाऊल. टेबलावर दोन पायांचा स्टँड, त्यावर चष्म्यासारखा डबा, त्यात तोंड खुपसून बसायचं. आत बारीक एलईडीची रांग आणि झपाझप हलणारे आरसे, त्यातून चित्राला खोली आल्याचा भास. रंग एकच, काळ्यावर लाल. कारण लाल एलईडी स्वस्त होते आणि करंट कमी खायचे. निळे एलईडी तेव्हा फार महाग. नेहमीचंच योकोई गणित. पण या वेळी उत्तर चुकलं.

का चुकलं? एक तर ते अंगावर घेऊन फिरता येत नव्हतं आणि टीव्हीसारखं चार जणांत बसून बघताही येत नव्हतं. वाकून बसल्याने मान दुखायची, डोळे शिणायचे, काहींचं डोकं धरायचं. लहान मुलांच्या डोळ्यांबद्दल डब्यावरच इशारा छापलेला. जाहिरातीत किंवा टीव्हीवर दाखवायची तर सोयच नाही, कारण खोलीचा भास तोंड आत घातल्याशिवाय कळतच नाही. कंपनीचं सगळं लक्ष आणि चांगली माणसं तेव्हा निन्टेन्डो ६४ या पुढच्या मोठ्या यंत्रावर होती, आणि हे यंत्र पुरतं पिकायच्या आत बाजारात गेलं. एकूण २२ गेम आले, साधारण पावणेआठ लाख यंत्रं खपली आणि वर्षभराच्या आत दुकान बंद.

माझं मत विचाराल तर व्हर्च्युअल बॉयमध्ये योकोईंनी आपलाच नियम अर्धा पाळला. रंग वाळलेल्या तंत्रातला घेतला, पण मूळ कल्पना ओलीच होती. हलत्या आरशांनी डोळ्यांना काय होतं याचा अनुभव तेव्हा कुणाकडेच नव्हता.

१५ ऑगस्ट १९९६ ला योकोईंनी निन्टेन्डो सोडली. एकतीस वर्षांची नोकरी. व्हर्च्युअल बॉय पडला म्हणून त्यांना बाहेर काढलं, ही गोष्ट इंटरनेटवर जिकडेतिकडे सापडते. ऐकायला ती जास्त मसालेदार आहे. पण पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी सुरू करायचं हे त्यांच्या मनात बऱ्याच आधीपासून होतं, आणि ते गेले तेही हरून पळाल्यासारखे गेले नाहीत. जाण्याआधी जुलै १९९६ मध्ये त्यांनी ‘गेम बॉय पॉकेट’ बाजारात आणला, बारीक आणि हलका, पोपटी झाक गेलेला. तो चांगला खपला. मग क्योतोतच त्यांनी कोतो नावाची आपली छोटी कंपनी काढली आणि बांदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी नवं खिशातलं यंत्र आखायला घेतलं. म्हणजे आता सामना स्वतःच्याच गेम बॉयशी.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा प्रांतातला एक्स्प्रेस वे. योकोई बसले होते ती गाडी पुढच्या ट्रकला मागून धडकली. फार काही झालं नव्हतं. किती नुकसान झालंय ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६. (जालना-संभाजीनगर रस्त्यावर आपण रोज ये-जा करणारे. गाडी बंद पडली, घासली की पहिल्यांदा लेनमध्येच उतरून वाकून बघतो. तेवढं करू नका.)

त्याच वर्षी नोकियाने आपल्या एका मोबाईलमध्ये साप टाकला. काळे ठिपके, फिकट स्क्रीन, चार दिशा. फोन करायचं यंत्र होतं, त्यात कुणीतरी आडवा विचार करून खेळ बसवला. योकोईंना तो बघायला मिळाला की नाही, देव जाणे.

त्यांनी आखलेलं शेवटचं यंत्र त्यांच्या मागे, ४ मार्च १९९९ ला जपानमध्ये बाजारात आलं. नाव ‘वंडरस्वान’, किंमत ४,८०० येन. स्क्रीन काळा-पांढरा. आडवं धरूनही खेळता यायचं आणि उभं धरूनही, आज आपण मोबाईल फिरवतो तसं. सोबत एक कोड्याचा गेम आला, तुटक्या रेघा वरखाली सरकवून डावीकडून उजवीकडे एक सलग रेघ जोडायचा. त्याचं नाव ठेवलं होतं ‘गुनपे’. आणि या यंत्राला चार सेल लागत नव्हते. एकच पेन्सिल सेल टाकायचा, तो तीसेक तास चालायचा.